हरकत नाही, तथापि

खोबरेल तेलाची बाटली गोठली की आमच्या गल्लीत थंडी आली असं धरायचं. कॅलेंडर काही म्हणो. यंदा एका सकाळी बाटली उलटी केली तर तेल जागचं हललं नाही. पांढरं, घट्ट, रुसून बसलेलं. सवयीनं मी ती घेऊन ओट्यावर आले, कठड्यावर ठेवली, आणि मग लक्षात आलं की आता इथं ठेवून उपयोग नाही. दुपारपर्यंत ती तशीच पांढरी राहणार. परत आत आले, पातेल्यात पाणी तापवलं आणि बाटली त्यात उभी केली.

गॅसवर वितळलेल्या तेलात आणि उन्हात वितळलेल्या तेलात फरक असतो असं म्हटलं तर शिकलेली माणसं हसतील. हसू देत. उन्हातलं तेल घाई करत नाही. आधी बाटलीच्या कडेनं एक पाणीदार रेघ उतरते, मग मधला गोळा सुटतो आणि तरंगायला लागतो. तेवढ्या वेळात आपला चहा होतो, गल्लीत कोण आलं कोण गेलं ते कळतं, कुणाची भाकरी करपली तेही कळतं. पातेल्यातलं तेल दोन मिनिटांत वितळतं आणि हातावर घेईपर्यंत पुन्हा घट्ट व्हायला बघतं.

हे तेल लागतं यांच्या हाताला. माझे यजमान तहसिलीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले, पण निजामाच्या काळातला शब्द आमच्या गल्लीच्या तोंडातून अजून गेलेला नाही. सगळ्यांसाठी ते पेशकारसाहेबच. चार वर्षांपूर्वी त्यांची उजवी बाजू गेली. जीभ हळूहळू परत आली, पाय काठीच्या आधारानं आला, हात मात्र आला नाही. चाळीस वर्षं टाक धरल्यासारखं पेन धरणारा तो हात मूठ वळून बसला तो बसलाच. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला, गोळ्या दिल्या. पण मूठ उघडायची ती फक्त एका गोष्टीनं. हिवाळ्यातलं सकाळचं ऊन.

दक्षिणेकडं तोंड असलेलं घर घेऊ नये म्हणतात. आम्ही घेतलं तेव्हा माझ्या वालूरच्या माहेरच्यांनी तोंडं वाकडी केली होती. "यमाच्या दिशेला दार कुणी करतं का?" असं माझी मोठी वहिनी वास्तुशांतीच्या जेवणात बुंदी वाढता वाढता म्हणाली. पण यम राहिला बाजूला, हिवाळ्यात त्या दिशेनं ऊनच यायचं. समोर जुनं जिनिंग होतं, कापसाचा कारखाना. तो बंद पडून किती वर्षं झाली कोण जाणे. राहिली होती ती बुटकी पत्र्याची शेड आणि एक पडकं कंपाउंड. कार्तिकात सूर्य आग्नेयेला सरकला की त्या पत्र्यावरून घसरत ऊन थेट आमच्या ओट्यावर उतरायचं आणि दुपारपर्यंत बसून राहायचं. उठवल्याशिवाय न उठणाऱ्या पाहुण्यासारखं. गल्लीतली उत्तरेकडं तोंड असलेली भाग्यवान माणसं थंडीत मुकाट्यानं आमच्या ओट्यावर यायची.

मला आठवतो तो दोन वर्षांपूर्वीचा हिवाळा. दिवाळीच्या पणत्या आवरल्या आणि यांची खुर्ची बाहेर आली. आठ वाजता मी यांच्या हाताला तेल लावायची आणि तो हात उन्हात एका स्वच्छ पंचावर ठेवायची. मग आम्ही दोघं त्या मुठीकडं बघत बसायचो. म्हणजे बघत नाही आहोत असं दाखवत बघायचो. नऊ वाजेपर्यंत काही नाही. मग अंगठा जरा सैल. दहाच्या सुमारास करंगळी. करंगळी सुटली की हे माझ्याकडं बघायचे आणि भुवई उडवायचे, जणू फाइल पुढं सरकली.

शेजारच्या घरात खाजाभाई राहतात. रजया भरतात. त्यांचा कापूसही आमच्याच उन्हात पसरलेला असायचा, जुन्या चादरीवर, ओट्याला लागून. ऊन लागलं की तो कापूस आपला आपण उठायचा. सकाळी चपटा दिसणारा ढीग अकरा वाजता दुप्पट झालेला असायचा. पिंजलेल्या कापसाचा, तेलाचा आणि कुणाच्या तरी फोडणीतल्या लसणाचा वास मिळून जो एक वास होतो, तो माझ्यासाठी मार्गशीर्षाचा वास.

खाजाभाई रोज आले की पहिला प्रश्न यांना. "साब, हात में कुछ हरकत है क्या?"

त्यांच्या भाषेत हरकत म्हणजे हालचाल. आमच्या भाषेत हरकत म्हणजे अडचण, विरोध. सगळं आयुष्य या दोन भाषांच्या मधल्या बोळात काढलेल्या माणसांना हे ठाऊक असतंच, पण यांना त्याची रोज नव्यानं गंमत वाटायची. "हरकत न्हाई, या बसा," हे म्हणायचे. "हरकत न्हाई तो दवाखाने को चलो," खाजाभाई म्हणायचे. रोज तोच विनोद आणि रोज तेच हसणं. लग्नाला चाळीस वर्षं झाल्यावर नवे विनोद लागत नाहीत.

अशा एका सकाळी जिनिंगच्या फाटकावर नोटीस लागली. सदर जागेवर प्रस्तावित बहुमजली निवासी इमारतीबाबत नागरिकांच्या हरकती व सूचना मागविण्यात येत आहेत. अकरा मजले. आमच्या भागात पाण्याची टाकी सोडली तर तीन मजल्यांच्या वर काही नव्हतं.

त्या दिवसापासून आमच्या ओट्याची विधानसभा झाली. कोपऱ्यावर मोबाइलचं दुकान चालवणारा सुनील सगळ्यात उत्साही. माझा विद्यार्थी. सातवीत 'तथापि'चा वाक्यात उपयोग करा म्हटल्यावर "मला ताप आहे तथापि मी शाळेत आलो" असं लिहून खरोखरच तापात आलेला.

"बाई, जगात जर्मनी अन् भारतात परभणी असं नुसतं म्हणत किती दिवस बसायचं?" तो म्हणाला. "एक लिफ्ट तर येऊ द्या गावात."

"अन् ऊन?" मी म्हटलं.

"उन्हाची काय कमी हाय आपल्याकडं? मे महिन्यात माणूस भाजून निघायलाय. उलट सावली पडंल की."

"आन् मेरा कापूस?" खाजाभाई म्हणाले. "तो काय तुझ्या दुकानात आणून चार्ज करू का?"

सगळे हसले. सुनीलही हसला, आणि हसता हसताच म्हणाला, "चाचा, लोकं आता ब्लँकेट घ्यायलेत." खाजाभाईंचं हसू तोंडावरच राहिलं, पण डोळ्यांतून गेलं. मग सुनील माझ्याकडं वळला. "रागावू नका बाई. आमी दोन खोल्यांत सहा माणसं हाव. माझ्या लेकीला अभ्यासाला बसायला एक खिडकी न्हाई. तिथं मिळाली तर मी कामून न्हाई म्हणू?"

वादात समोरचा मूर्ख असला की फार सोपं जातं. सुनील मूर्ख नव्हता. आम्हाला आमचं ऊन हवं होतं आणि त्याला त्याच्या मुलीसाठी खिडकी. मी इतकंच म्हणाले की इमारत चार मजल्यांची करा, तुलाही खिडकी मिळेल आणि आमचंही ऊन राहील. तो म्हणाला, "चार मजल्यात त्यांना परवडत न्हाई म्हणं." कुणाला परवडत नाही ते आम्ही कधी पाहिलं नाही. तो माणूस ओट्यावर आला नाही.

हरकती लेखी द्यायच्या होत्या. आता अर्ज म्हटल्यावर गल्लीत दुसरं नाव कुणाचं? रेशनकार्डापासून पेन्शनीपर्यंत या गल्लीतला प्रत्येक अर्ज यांच्या हातचा. फक्त आता हात नव्हता. म्हणून हे सांगणार आणि मी लिहिणार असं ठरलं. जन्मभर पोरांना शुद्धलेखन घातलं, आता म्हातारपणी माझीच परीक्षा.

"लिहा बाई," हे म्हणाले. मला ते थट्टेनं बाई म्हणतात आणि अहोजाहो करतात. "महोदय, सविनय सादर की, शहराच्या विकासास आमची कोणतीही हरकत नाही."

मी पेन उचललं. "अहो, हरकत आहे म्हणून तर लिहायलोय ना आपण?"

"पुढं येतंय की. तथापि म्हणून."

"सरळ लिहू की. आमची हरकत आहे."

"तुमी शाळंत शिकवलं," हे म्हणाले. शब्द जड येत होते, पण पेशकारी कायम होती. "कचेरीत शिरताना आदी मान लववावी लागती, मग हलवावी लागती. पैल्याच ओळीत न्हाई म्हणलं की अर्ज ढिगाच्या खाली जातो. मी ढीग लावलेत बाई, मला म्हाईत हाय."

मला ते पटलं. नुसतं पटलं नाही, आवडलं. मी स्वतःच वर्गात सांगायची की वाक्याचा जीव 'पण'च्या पुढं असतो. आणि माणसानं पाहुण्याला जा म्हणायच्या आधी चहा विचारावा, अशा घरात आम्ही दोघं वाढलेलो. तथापिच्या पुढं मग यांनी दीड पान सांगितलं. कार्तिक ते माघ या काळात सदर गल्लीस सूर्यप्रकाश मिळणार नाही, गल्लीतील वृद्ध व आजारी व्यक्तींस त्याची नितांत गरज आहे, एका कारागिराचा व्यवसाय सर्वस्वी त्यावर अवलंबून आहे. स्वतःच्या हाताचा उल्लेख त्यांनी करू दिला नाही. खासगी बाब अर्जात आणू नये म्हणाले.

सत्तावीस घरांनी तोच मसुदा उतरवून काढला. आठ दिवस ओट्यावर नुसती लगबग. कुणी जोडाक्षर विचारायचं, कुणी पानाला हळदीचं बोट लावायचं. खाजाभाईंनी उर्दूत सही केली आणि खाली मराठीत कंसात नाव लिहिलं. हे खुर्चीत बसून प्रत्येक पत्र नजरेखालून घालायचे. इतके खूश मी त्यांना निवृत्तीनंतर पाहिलेच नव्हते. आणि हाताचं म्हणाल तर त्याच दिवसांत एका सकाळी मी हरभऱ्याचे ढाळे सोलत होते, हिरवेगार, आंबटसर, अजून दव असलेले, आणि यांनी एक घाटा उचलला. उजव्या हातानं. अंगठा आणि तर्जनी. किती वेळ लागला सांगत नाही. घाटा फुटला, दाणा पंचावर पडला. मी तो दाणा खाल्ला. संक्रांतीला यांनी मला तिळगूळ दिला तोही त्याच हातानं, आणि मी आत जाऊन रडून घेतलं. इतक्या सुखाचं मला भय वाटलं.

सुनावणी संक्रांतीनंतर झाली. महापालिकेच्या दुसऱ्या मजल्यावर. यांना जिना शक्य नव्हता, म्हणून मी आणि खाजाभाई गेलो. टेबलामागच्या बाई माझ्या मुलीच्या वयाच्या, नम्र, थकलेल्या. त्यांनी टिपणी वाचली. सत्तावीस नागरिकांची पत्रे प्राप्त. विकासास कोणतीही हरकत नसल्याचे सर्वांनी एकमुखाने कळविले आहे. हरकती: निरंक.

मला आधी कळलंच नाही. मग कानशिलं तापली. "मॅडम," मी म्हटलं, "त्याच्या पुढं वाचा. तथापि आहे पुढं."

"वाचलंय ना मॅडम," त्या म्हणाल्या. "पुढचं सगळं सूचनांमध्ये घेतलंय." आणि त्यांनी कागद माझ्याकडं फिरवला. सूचनांच्या रकान्यात एकच शब्द होता. ऊन.

मी म्हणाले की ही हरकतच आहे, आमचा विरोधच आहे. त्या म्हणाल्या, मग तसं लिहायला हवं होतं, मुदत आता संपली. त्यांच्या आवाजात खोट नव्हती. मी मराठीची शिक्षिका, आणि माझ्या मराठीनंच मला खाली बसवलं.

जिना उतरताना खाजाभाई म्हणाले, "बाई, हरकत को हरकत बोलना था. आपन अदब दाखवली, त्यांनी मंजुरी समजली." मग त्यांना काय वाटलं कोण जाणे, थांबले आणि म्हणाले, "साब को मत बोलना."

नाही बोलले. घरी आले तर हे ओट्यावर वाट बघत होते, हात पंचावर. "काय झालं?" मी म्हटलं, वरूनच ठरलेलं होतं, आपल्या पत्रांचा काही उपयोग नव्हता. "मसुद्यात काही कमी पडलं का?" "नाही," मी म्हटलं, "मसुदा चांगला होता." त्यांनी टिपणीची नक्कल मागितली. मी म्हटलं दिली नाही. ती नक्कल आजही माझ्या पेटीत लुगड्यांच्या खाली आहे. ज्यांनी चाळीस वर्षं लोकांचे अर्ज मार्गी लावले त्यांचा शेवटचा अर्ज त्यांच्याच पहिल्या ओळीनं बुडाला, हे त्यांना सांगण्याची माझी छाती नाही.

काम सुरू झालं आणि जिनिंगची शेड पहिल्याच आठवड्यात पडली. पत्रे निघाले तेव्हा दोन दिवस ऊन उलट जास्तच आलं, आणि आम्ही वेड्यासारखे खूश झालो. मग खड्डा, मग खांब. मागच्या हिवाळ्यात इमारत चौथ्या मजल्यावर होती. ऊन साडेनऊला यायचं. या हिवाळ्यात अकराही मजले उभे आहेत आणि ऊन साडेबाराला येतं, ओट्याच्या एका कोपऱ्यातून तिरपं जातं आणि निघून जातं. आणि सुनीलची ती उन्हाळ्यातली सावली? ती आलीच नाही. मे महिन्यात सूर्य डोक्यावरून जातो. तेव्हा त्या इमारतीची सावली तिच्याच पायाशी पडते, आणि आम्ही पूर्वीसारखे भाजून निघतो. नको तेव्हा सावली आणि हवी तेव्हा नाही. सुनीललाही हे आता कळलंय. त्याला तिथं फ्लॅट परवडला नाही, हेही.

खाजाभाई कापूस आता मोंढ्याकडच्या, धान्यबाजारातल्या, कुणाच्या तरी गच्चीवर नेतात, सायकलवर बांधून. जाताना थांबतात. पण हाताबद्दल विचारायचं त्यांनी सोडलंय.

गेल्या रविवारी सुनील म्हणाला, "बाई, सातव्या मजल्यावर नमुन्याचा फ्लॅट केलाय, बघून तर या. मी येतो संगं." मी का गेले मला सांगता येणार नाही. लिफ्टमध्ये उगाच आरशात केस नीट केले. वर एका मुलीनं दार उघडलं आणि आम्ही हॉलमध्ये शिरलो, आणि मी दारातच थांबले. फरशीभर ऊन. सोफ्यावर, टीपॉयवर, प्लास्टिकच्या फुलांवर. सकाळचे नऊ वाजलेले, कुणी राहत नाही, आणि नुसतं लोटभर ऊन सांडलेलं. "हिवाळ्यात सकाळचं ऊन डायरेक्ट आत येतं मॅडम," ती मुलगी म्हणाली, "ही आमच्या फ्लॅटची खासियत आहे."

मी चप्पल काढून त्या उन्हात उभी राहिले. पावलं शेकली. उलट्या बाजूच्या, उत्तरेकडच्या खिडकीतून खाली आमची गल्ली दिसत होती, विहिरीत बघावं तशी. आमचा ओटा. खुर्ची. खुर्चीत शाल पांघरलेले हे, आणि मांडीवर ती मूठ. मान वर करून ते इकडंच बघत होते. मी मागं सरले. सुनीलनं खिडकीच्या चौकटीवरून एकदा हात फिरवला आणि म्हणाला, "चला बाई."

खाली आले. पातेल्यात पाणी तापवलं, वितळलेलं तेल वाटीत घेतलं, बाहेर आले.

"वर गेल्ता?" यांनी विचारलं.

"हो."

"वर ऊन हाय का?"

चौतीस वर्षं मी वर्गात खोटं बोलू नये म्हणून शिकवलं. "नाही," मी म्हटलं. "वर पण ढगच आहेत."

त्यांनी मान वर केली. इमारतीच्या आणि आमच्या पन्हाळीच्या मधे आभाळाची जी पट्टी उरली आहे ती निळीभोर होती, धुतल्यासारखी. ती त्यांनी पाहिली. मग मांडीवरच्या मुठीकडं पाहिलं, अंगठा हलवायचा एकदा प्रयत्न केला.

"हरकत न्हाई," ते म्हणाले.

मी उभी राहिले, तथापिची वाट बघत. मग वाटीतलं तेल गोठायला लागलं, तशी मी खाली बसले आणि त्यांचा हात माझ्या मांडीवर घेतला.